सोलापूरच्या कोरड्या हवेतही सुरी का गंजते

"आपल्याकडे हवा कोरडी, इथं काय गंजायचंय?" असं लोखंडी विळी-सुरी विकणाराही सांगतो आणि घेणाराही मानतो. बोलण्यात तथ्य आहे. एप्रिल-मेच्या दुपारी सोलापुरात हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत खाली येते, आणि स्वच्छ, कोरडं पोलाद साधारण ६० टक्क्यांच्या खाली जवळपास गंजतच नाही. पण नेमक्या त्याच मे महिन्यात ओट्यावरच्या सुरीवर तांबूस ठिपके उठतात, आणि लोक सुरीला नावं ठेवून स्टेनलेसची घेऊन येतात. सुरीचा यात काही दोष नाही. बाहेरची हवा कितीही कोरडी असली तरी पात्यावर राहिलेला थेंब ओलाच असतो, आणि खिडकीत कूलर लावलेल्या घरातली हवाही ओलीच असते.

कूलरचं कामच हवेत पाणी मिसळण्याचं. दारं-खिडक्या लावून कूलर चालवला की तासाभरात खोलीतली आर्द्रता सत्तरीच्या पुढे सहज जाते. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली एकत्र असेल तर ती ओल सरळ ओट्यापर्यंत पोहोचते, आणि झोत समोरून येत असेल तर पाण्याचे बारीक तुषारही येतात. बाहेर ४१ अंश आणि घरात श्रावण, अशी अवस्था. त्यामुळे सोलापुरात सुरीला जपायचे काळ दोन: कूलरचा उन्हाळा, आणि ऑगस्ट-सप्टेंबरचा पाऊस. आपल्याकडे सप्टेंबरात पाऊस सगळ्यात जास्त पडतो, तेव्हा जूनमध्ये काही झालं नाही म्हणून निश्चिंत राहू नका.

आता थेंबाकडे जरा जवळून बघा. सुरी धुऊन तशीच ठेवली की पात्यावर पाच-सहा थेंब राहतात. थेंबाच्या कडेला हवेतला प्राणवायू भरपूर मिळतो, मध्यभागी कमी पोहोचतो. एवढ्या फरकावर थेंबाच्या आत छोटी बॅटरी सुरू होते: मधलं लोखंड विरघळतं, कडेकडे सरकतं आणि तिथं त्याचं तांबूस कडं तयार होतं. म्हणून पुसल्यावर गोल डाग दिसतो, आणि भिंगातून पाहिलं तर मधोमध टाचणीच्या टोकाएवढा खड्डा. डाग घासून जातो, खड्डा राहतो. पुढच्या वेळी पाणी त्याच खड्ड्यात थांबतं.

बोअरच्या पाण्यानं हे काम लवकर होतं. आपल्या काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी जड. त्यात विरघळलेले क्षार पाण्यातून वीज वाहायला मदत करतात आणि थेंबातली ती बॅटरी जोरात चालते. क्षारांमध्ये क्लोराइड असेल तर ते लोखंडावरचा संरक्षक थरही फोडतं. थेंब वाळल्यावर पांढरी रेघ उरते. ती रेघ नंतर हवेतली ओल धरून ठेवते. मिठाचंही तसंच. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला पाझरायला लागतं, पण खडे मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते ३३ टक्क्यांनाच पाणी ओढतं. म्हणजे मिठाचा हात लागलेली सुरी बऱ्यापैकी कोरड्या हवेतही ओलसर राहते. फक्त फडकं फिरवून मीठ निघत नाही, ते धुऊनच काढावं लागतं.

लोखंडी म्हणतो ती सुरी खरं तर पोलादाची असते. स्टेनलेसमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं; त्याचा अदृश्य थर पात्याला झाकतो. साध्या कार्बन स्टीलमध्ये तो थर नाही. रस्त्याकडेला पाल टाकून बसलेले घिसाडी बहुतेकदा ट्रकच्या कमानपाट्यातून पाती घडवतात. त्या पोलादात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्का. कारखान्यात बनलेल्या चांगल्या सुऱ्यांत तो एक टक्क्यापर्यंत जातो. हे पोलाद दगडावर चार-पाच मिनिटांत धरेल अशी धार स्वस्त स्टेनलेसला अर्धा तास घासूनही येत नाही. त्यासाठी रोजची दोन मिनिटं द्यायला काहीच हरकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

नवं पातं घरी आलं की आधी त्याचं अंग नीट धुवा. घिसाड्यानं पाणी देताना, म्हणजे लाल तापलेलं पातं बुडवून कडक करताना, कधी वापरलेलं इंजिन ऑइल घेतलेलं असतं, आणि ते अन्नाला लागू नये. अर्धा लिटर कडक गरम पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा, पातं दहा मिनिटं बुडवून ठेवा, मूठ बाहेर राहील असं. मग भांड्याच्या साबणानं घासा. हे सगळं दोनदा. कारखान्यातल्या काही सुऱ्यांवर वार्निशसारखा पातळ लेप असतो, तो नेलपॉलिश रिमूव्हरनं निघतो. मग पुन्हा साबण.

ऐरणीवरून आलेल्या पात्याच्या पाठीकडे काळी खरबरीत साल असते. ती घासून चकचकीत करायची हौस अनेकांना होते. करू नका. ती साल लोखंडाचाच काळा ऑक्साइड आहे आणि खालच्या पोलादाला झाकून ठेवते. गंज सुरू होतो तो ग्राइंडरनं उघड्या पाडलेल्या पट्ट्यावर, धारेच्या वरच्या भागात. तिथं ग्राइंडरच्या चाकाच्या आडव्या रेघा असतात आणि प्रत्येक रेघ म्हणजे पाणी थांबायची नाली. २२० नंबरचा वॉटर पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून रेघा मोडा, मग ४००, मग ६००. पात्याच्या लांबीच्या दिशेनं, ठोकळा धारेपासून थोडा वर ठेवून. अर्ध्या तासाचं काम आहे, पण जितका पृष्ठभाग गुळगुळीत तितका गंज कमी. वर्षभर तेल लावण्यापेक्षा या अर्ध्या तासाचा उपयोग जास्त होतो.

रोजचं सांगायचं तर चिरून झालं की सुरी लगेच धुवायची. बेसिनमध्ये इतर भांड्यांखाली टाकायची नाही. साबणाच्या पाण्यात रात्रभर पडलेली सुरी सकाळी तांबडी निघते. मऊ बाजूनं साबण लावा, तारेची घासणी नको, कारण तिचे ओरखडे म्हणजे पुन्हा त्या नाल्या. वाहत्या पाण्याखाली धुवा. घरात बोअरचंच पाणी असेल तर शेवटी फिल्टरचं अर्धा कप पाणी पात्यावरून सोडा. मग ताबडतोब पुसा, थेंब वाळायच्या आत.

पुसायला सोलापूरकरांना बाहेर शोधायला नको. जुन्या टर्किश टॉवेलचा वीतभर तुकडा यासाठी सर्वांत उत्तम. त्याचे उभे फासे पाणी झटकन ओढतात, साध्या सुती फडक्यासारखं पाणी पसरवत नाहीत. टॉवेल नवा असेल तर दोन-तीनदा धुऊन घ्या. नव्या कापडावर मऊपणासाठी लावलेलं द्रव्य असतं आणि तोवर ते पाणी नीट पीत नाही. तुकडा दुमडून पात्याच्या पाठीकडून धरायचा आणि मुठीकडून टोकाकडे ओढायचा, धारेवर बोट आडवं कधीही न येऊ देता. मुठीपाशी पातं जिथं लाकडात शिरतं तिथं टॉवेलचा कोपरा दाबून दोन सेकंद धरा. सगळ्यात जास्त पाणी तिथंच लपतं. मग सुरी पंख्याखाली दहा मिनिटं उघडी ठेवून मग जागेवर.

सुरी गॅसवर वाळवू नका. हे ठळक सांगायला हवं, कारण तवा आपण तसाच वाळवतो आणि हात सवयीनं तिकडे जातो. पात्याला पाणी दिल्यावर लोहार ते पुन्हा हलकं तापवून कडकपणा जरा उतरवतो. सुऱ्यांसाठी हे तापमान साधारण १८० ते २३० अंशांच्या दरम्यान असतं. त्याच्या वर गेलात की पोलाद नरम पडत जातं. धार कागदासारखी पातळ, ज्योतीत दहा सेकंदांत ती त्यापुढे जाते. आधी फिकट गव्हाळ, मग जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा रंग चढतो. धारेवर निळी झाक दिसली तर तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. तिथं धार टिकणार नाही आणि निळा भाग संपेपर्यंत दगडावर घासून काढण्याशिवाय उपाय नाही. तव्यासारखं तेल जाळून सुरीला काळं करायचा सल्ला कुणी दिला तर तोही याच कारणासाठी टाळा. उन्हात मात्र पाच मिनिटं ठेवायला हरकत नाही. पोलादाला काही होत नाही. जास्त वेळ ठेवली तर मूठ तडकते.

विळीचं थोडं वेगळं. विळी नळाखाली धरून धुणं हीच मुख्य चूक. पाणी पाटात मुरतं, पातं पाटात बसवलेलं असतं त्या खाचेत साठतं, आणि दोन-तीन वर्षांत पातं बुडाशीच कुजून डुगडुगायला लागतं. वर पातं नवंकोरं दिसतं, खाली निम्मं खाल्लेलं असतं. विळी ओल्या फडक्याला साबण लावून पुसायची, मग दुसऱ्या ओल्या फडक्यानं, मग कोरड्या टॉवेलनं. मिटणारी विळी असेल तर पुसल्यावर लगेच मिटू नका. ओल्या पाटावर पातं आडवं टेकलं की जिथं टेकतं तिथं सरळ तांबडी रेघ उमटते. अर्धा तास उघडी ठेवा, पण घरात लहान मूल असेल तर मिटा आणि पातं व पाट यांच्यामध्ये कोरड्या कापडाची दुमडलेली पट्टी सरकवा. बिजागरीच्या खिळ्याला महिन्यातून एकदा दोन थेंब तेल. मोरविळीच्या खोबरं किसायच्या दातांत खोबऱ्याचा चोथा अडकतो. तो जुन्या टूथब्रशनं काढा, नाहीतर दातांच्या मुळाशी गंज धरतो.

काळेपणाबद्दल गैरसमज फार. चार-सहा आठवडे वापरलेल्या सुरीवर राखाडी, निळसर, काळपट छटा चढते. अनेक घरांत ती मळ समजून चिंचेनं घासून पुन्हा पांढरी केली जाते, आणि सगळी मेहनत वाया जाते. तो काळा थर गंजच आहे एका अर्थानं, पण चिकटून बसणारा. तांबडा गंज फुगतो, पापुद्रे धरतो आणि खालच्या पोलादाला पुन्हा हवा लागू देतो. काळा थर घट्ट बसतो आणि पाणी-हवेला अडवतो. ओळखायची रीत सोपी: पांढरं कापड दाबून फिरवा. कापड राखाडी झालं तर काळजी नाही. तपकिरी किंवा नारिंगी झालं तर गंज सुरू झाला आहे. काळा थर चढला की कांदाही काळा पडत नाही आणि वांग्याला लोखंडाचा वास येत नाही.

हा थर आपोआप चढायची वाट बघायला नको, मुद्दाम चढवता येतो, आणि त्यासाठी लागणारी वस्तू आपल्या जिल्ह्यात कचऱ्यात जाते: डाळिंबाची साल. सालीत टॅनिन भरपूर असतं. लोखंड आणि टॅनिन एकत्र आलं की गडद निळा-काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून शाई याच तत्त्वावर करत, आणि हिराकस व डाळिंबाच्या सालीनं सूत काळं रंगवायची जुनी रीतही हीच. मागांच्या गावात हे वेगळं सांगायला नको. केगावला २००५ पासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे आणि सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. साल घरी फुकट पडते तेव्हा तिचा उपयोग करून घ्यावा.

दोन मोठ्या डाळिंबांची ताजी साल किंवा वाळलेली ५० ग्रॅम, अर्धा लिटर पाण्यात मंद आचेवर अर्धा तास उकळा. गाळा. त्यात दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घाला. व्हिनेगर लोखंडाचे कण किंचित मोकळे करतं, मग टॅनिन त्यांना पात्यावरच बांधून ठेवतं. नुसत्या सालीच्या पाण्यानं रंग फार हळू आणि फिका येतो. पाणी कोमट झालं की काचेच्या उंच बरणीत ओता. स्टीलच्या पेल्यात करू नका, कारण पातं स्टीलला टेकलं की टेकलेल्या जागी वेगळाच डाग पडतो. आधी पातं साबणानं धुऊन, मग नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसून तेलाचा अंशही काढा. बोट लागलं तर बोटाचा ठसा कायमचा उमटतो, तेव्हा पुसल्यावर हात लावू नका. दहा मिनिटं बुडवा, बाहेर काढून पाण्याखाली धरा, मऊ कापडानं पुसा. वर सैल काळी भुकटी येते, ती पुसून टाका. खालचा थर राहतो. असं तीन-चार वेळा. शेवटी एक लिटर पाण्यात एक चमचा खायचा सोडा घालून त्यात पातं विसळा, म्हणजे आम्ल उरत नाही. पुसा, तेल लावा. धारेवरचा रंग पहिल्या धार लावण्यात जाईल. ते ठीक आहे.

साल नसेल तर कडक काळ्या चहानंही जमतं, छटा थोडी करडी येते. बुडवून रात्रभर ठेवायचा मोह आवरा. आम्ल धार खातं आणि पृष्ठभाग खरबरीत होतो, म्हणजे नको तेच.

तेलाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण सोलापुरात नेमकं चुकीचं तेल हाताशी असतं. करडई आपल्या रब्बीचं पीक, घाण्यावरचं करडईचं तेल अनेक घरांत रोजच्या स्वयंपाकात. खायला उत्तम, सुरीला वाईट. पारंपरिक करडईच्या तेलात सत्तर टक्क्यांहून जास्त लिनोलिक आम्ल असतं. त्याच्या रेणूत दुहेरी बंध जास्त असल्यानं ते हवेतला प्राणवायू घेऊन एकमेकांना चिकटतं आणि घट्ट होतं. जवसाचं तेल रंगात वापरतात ते याच गुणासाठी. करडई त्याच्या एक पायरी खाली. पात्यावर लावून महिनाभर ठेवलं की पिवळट चिकट थर तयार होतो, त्यावर धूळ बसते, धूळ ओल धरते, आणि थर जिथं फाटतो तिथून आत गंज शिरतो. वरून सुरी तेलकट दिसत असल्यानं कुणाला शंकाही येत नाही. सूर्यफूल आणि सोयाबीनचं तेलही याच वाटेनं जातं.

शेंगदाण्याचं तेल बरं. रोज वापरात असलेल्या सुरीला चालतं, कारण ती रोज धुतली जाते. महिनाभर कपाटात ठेवायच्या सुरीला नको, खवट होतं आणि चिकट होतं. खोबरेल त्याहून चांगलं, कारण त्यात घट्ट होणारा भाग अगदी थोडा. ते २४ अंशांखाली गोठतं, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पात्यावर पांढरं दिसेल. त्यानं बिघडत काही नाही, फक्त लावताना बोटावर चोळून पातळ करून घ्या. वास नसलेलं घ्या. सुगंधी केशतेल सुरीला लावायचं नाही.

सगळ्यात चांगलं लिक्विड पॅराफिन. औषधाच्या दुकानात मिळतं, पोट साफ व्हायला देतात तेच, त्यामुळे पात्यावरचा अंश अन्नात गेला तरी धोका नाही. ते खवट होत नाही, घट्ट होत नाही, वास नाही. शिलाई मशीनचं तेलही खनिज तेलच, पण ते खाण्यायोग्य नाही. अडकित्त्याच्या किंवा विळीच्या बिजागरीलाही ते नको, पॅराफिनच वापरा.

किती लावायचं? सहा-आठ इंची पात्याला दोन्ही बाजू मिळून दोन ते तीन थेंब. सुती चिंधीवर घेऊन पूर्ण पात्यावर फिरवा, मग चिंधीच्या कोरड्या बाजूनं पुसून घ्या. पातं तेलकट दिसायला नको. प्रकाशात तिरकं धरल्यावर सलग झाक दिसली म्हणजे थर बसला. तेल ओल्या पात्यावर लावलं तर पाणी खाली अडकतं आणि गंज तेलाखाली चढतो. म्हणून तेलापेक्षा आधीचं पुसणं महत्त्वाचं. आधीच चिकट थर जमला असेल तर नव्या पात्यासाठी सांगितलेलं धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी तोच थर काढतं. सोडा लोखंडाला गंजवत नाही, पण लाकडी मुठीला लागला तर लाकूड काळवंडतं.

करडई आणि जवसाचं तेल मुठीला मात्र लावाच. तिथं घट्ट होणं हाच गुण. बाभळीची मूठ ४०० च्या वॉटर पेपरनं घासून जवसाचं तेल चोळा, पंधरा मिनिटांनी जास्तीचं पुसा, दोन दिवस वाळू द्या, पुन्हा लावा. तीन हात झाले की मूठ पाणी पीत नाही. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेल्या चिंध्या आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा. मुठीच्या तोंडाशी पातं आणि लाकूड यांच्यात फट असेल तर ती कोरडी करून मेण वितळवून भरा किंवा अराल्डाइटनं बंद करा. पितळी रिवेट किंवा पितळी कडं असेल तर फट बंद करणं जास्तच गरजेचं: पितळ आणि पोलाद ओलीत एकत्र आले की पोलाद आधी गळतं. बाहेरून चकचकीत पितळ आणि आत सडलेलं पोलाद, आणि एक दिवस पातं मुठीतून निखळून हातात येतं.

लोणच्याच्या दिवसांत सुरीवर सगळ्यात मोठा ताण येतो. कैरीचं आम्ल, चीक, आणि शेजारीच खडे मीठ. चिरताना दर पाच-सात मिनिटांनी ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्यानं पातं पुसत राहा. मीठ लावलेल्या फोडी पुन्हा बारीक करायच्या असतील तर त्यासाठी स्टेनलेसची सुरी घ्या. हट्टानं लोखंडी वापरण्यात काही शहाणपण नाही. लिंबं चिरायलाही तेच. लिंबू आणि चिंच काळा थर अक्षरशः धुऊन काढतात, आणि उघडं पडलेलं पोलाद तासाभरात तांबूस होतं. मटण-चिकन चिरल्यावर पात्यावर निळसर-जांभळी झाक येते, ती चांगली. धुऊन ठेवून द्या.

गंज आलाच तर किती आला ते पाहून उपाय करा. एका दिवसाचा नारिंगी धुराळा असेल तर खायच्या सोड्याची घट्ट पेस्ट किंवा चुलीची वस्त्रगाळ राख, थोडं तेल, आणि बाटलीचं बूच. बुचानं पात्याच्या लांबीच्या दिशेनं घासा. पाच मिनिटांत जातो. पापुद्रे धरलेल्या गंजाला लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड: एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. पातं बुडवा, दर दहा मिनिटांनी काढून नायलॉनच्या घासणीनं घासा, तीस मिनिटांच्या पुढे जाऊ नका. मग सोड्याच्या पाण्यात विसळून लगेच पुसा आणि लगेच तेल. इथं "लगेच" म्हणजे मिनिटभरात. आम्लातून निघालेलं उघडं पोलाद डोळ्यांदेखत पिवळं पडतं. उरलेलं वॉटर पेपर ६०० नं काढा. काळा थरही यात जातो, तेव्हा सालीचं पाणी पुन्हा करावं लागेल.

त्याच खड्ड्यातून पुन्हापुन्हा नारिंगी टिंब वर येत असेल तर आत क्लोराइड अडकलं आहे. मूठ बाहेर ठेवून पातं फिल्टरच्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, पाणी बदला, पुन्हा पंधरा मिनिटं. मग वाळवून तेल. खड्डा बुजत नाही, पण शांत होतो. खड्डा धारेवरच असेल तर धार वर सरकवावी लागते. गंज काढायची दुकानातली द्रावणं बहुधा फॉस्फोरिक आम्लाची असतात. गेट-ग्रिलला ठीक, खायच्या सुरीला नकोत.

धारवाल्याकडून आणलेली सुरी घरी आल्यावर आधी धुवा. घासताना निघालेले लोखंडी कण पात्यावर चिकटून येतात आणि रात्रीत त्यांचेच ठिपके उठतात, आणि धारेजवळचा काळा थर उतरलेला असतो.

ठेवायची जागा शेगडी आणि नळ दोन्हींपासून किमान तीन हात लांब. कुकरच्या शिट्टीची वाफ जिथं पोहोचते तिथं नको. लाकडी ठोकळ्याच्या खाचेत ओली सुरी गेली की खाच कायम ओली राहते. भिंतीवरची लाकडी चुंबकपट्टी त्यापेक्षा बरी. चामड्याच्या म्यानात तर महिनोन्‌महिने अजिबात नको: चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं त्यात राहिलेली असतात. गोणपाटही ओल धरतं.

ऊसतोडीचा हंगाम मार्च-एप्रिलमध्ये संपला की कोयते नोव्हेंबरपर्यंत पडून राहतात, आणि मधला सगळा पाऊस ते एखाद्या कोपऱ्यात काढतात. रसाचा चिकट थर तसाच ठेवला तर तो आंबतो, त्याचं आम्ल होतं, आणि पहिल्या पावसाआधीच पातं खाल्लं जातं. रस वाळला की नुसत्या साबणानं सहज सुटत नाही, गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवावा लागतो. धुऊन, वाळवून, कोयत्याला ग्रीसचा पातळ हात द्या; अन्नाशी थेट संबंध नाही, ग्रीस चालतं. घरच्या जास्तीच्या विळ्या-सुऱ्या पावसाळाभर ठेवायच्या असतील तर मलम करा: मधमाश्यांचं मेण २० ग्रॅम, लिक्विड पॅराफिन ८० ग्रॅम. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, तेव्हा वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवा, सरळ गॅसवर नको. गार झालं की लोण्यासारखं होतं. पातं कोमट करून, म्हणजे उन्हात दोन मिनिटं ठेवून, चिंधीनं पातळ थर द्या. मग पात्याला कोरडा कागद गुंडाळून डब्यात, डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या. पिशवी घट्ट बांधून ठेवायची असेल तर दुपारी कोरड्या हवेत बांधा, संध्याकाळी पाऊस पडून गेल्यावर नाही, कारण आत बंद होईल ती हवाही तेवढीच ओली असेल. पोळा ते दसरा या दिवसांत एकदा उघडून पांढऱ्या कापडानं पुसून बघा. कापड तपकिरी निघालं तर मलम पुसून टाका, बूच आणि सोडा घ्या, आणि त्याच दिवशी नवा हात द्या.